दिवाळीपासून रोज कोल्हापुरी: टाच, पोटरी आणि कंबर काय म्हणतात

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतून एक जोडी घेतली आणि पाऊस लागेपर्यंत जवळजवळ रोज वापरली. त्याआधी कित्येक वर्षं पायात दोन इंची ब्लॉक हीलचे सँडल. मी शाळेत शिकवते. चार-पाच तास फळ्यासमोर उभं राहणं, खाली कोटा फरशी, आणि घर ते शाळा पायी. गाडीवरून उतरून थेट खुर्चीत बसणाऱ्यांना यातलं निम्मं लागू होणार नाही.

चप्पल चावते. अंगठ्याच्या बेचकीत आणि चपलेच्या कानाच्या, म्हणजे बाजूच्या चामडी पाळीच्या, कडेला सुरुवातीला चांगलीच चावली. रात्री आतून तेल चोळून ठेवलं, दिवसाआड घातली, मग चामडं पायाच्या वळणाला आलं. अस्सल जोडीत म्हशीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, शिवणही चामड्याच्या वादीची. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून, तेव्हा कर्नाटकातल्या अथणीची जोडी बघून नाक मुरडू नका.

पहिला फायदा बोटांना झाला. सँडलच्या निमुळत्या तोंडात करंगळीवर कुरूप झालं होतं, ते हळूहळू बसलं. पोटऱ्या मात्र महिनाभर ओढल्या. उंच टाचेत पोटरीचा स्नायू सतत आखडलेला राहतो, एकदम सपाट चपलेवर आलं की तो ताणला जातो. त्यामुळे हील्स सोडायच्या तर टप्प्याटप्प्यानं सोडा.

कंबर? उंच टाचेत वजन पुढे पंजावर येतं आणि तोल सांभाळायला वरचं शरीर काहीतरी तडजोड करतं. माझी कंबर संध्याकाळी धरायची, ते बरंच कमी झालं. पण याच काळात मी दोन तासांच्या मध्ये बसायलाही लागले, त्यामुळे सगळं श्रेय चपलेला देणार नाही. ‘कोल्हापुरी घाला, पाठ ताठ होईल’ असं सांगणाऱ्यांनी दिवसभर फळ्यासमोर उभं राहून दाखवावं.

कारण खरी गोची टाचेची आहे. जानेवारीत सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत सुई टोचल्यासारखं व्हायचं, चार पावलं चाललं की कमी. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली जो जाड पट्टा असतो, त्याचं हे दुखणं. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला ओढ बसते. फिजिओथेरपिस्टनं पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाचा सावकाश वर-खाली करायला लावल्या. कंटाळवाणा व्यायाम आहे, फरक पडायला दोनेक महिने लागले, पण पडला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ही चप्पल चालण्याची आहे, उभं राहण्याची नाही. चालताना भार टाचेवरून बोटांकडे सरकतो, पोटरी आणि बोटं कामाला लागतात. एका जागी उभं राहिलं की कडक चामडं, त्याखाली कडक फरशी, आणि तासन् तास भार त्याच टाचेवर. आता स्टाफरूमच्या कपाटात जाड तळव्याचे स्पोर्ट्स शूज असतात. साडीवर शूज बघून मुली हसल्या, आठवड्यात विसरल्या. घरातही टाइल्सवर अनवाणी फिरणं बंद, मऊ स्लिपर घालते. मात्र सैल नको, नाहीतर ती पायात राहावी म्हणून बोटं दिवसभर आवळली जातात.

मधुमेहानं पायाची जाणीव कमी झाली असेल तर ही चप्पल घेऊच नका. चावल्याचं कळणार नाही आणि जखम चिघळेल.

गुळगुळीत फरशीवर चामड्याचा तळ घसरतो, म्हणून चांभाराकडून खाली रबरी सोल मारून घेतला. चप्पल टिकते, घसरत नाही, टाचेला मात्र त्यानं आराम नाही. पावसाळ्यात भिजवू नका. भिजलीच तर कागद कोंबून सावलीत वाळवा. आणि घ्यायला संध्याकाळी जा, पाय थोडे सुजलेले असतात. तेव्हाही किंचित घट्ट वाटेल तीच घ्या, पुढे सैल होतेच.