घ्यायला चांगले, विकायला नाही

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्यातील जुन्या दुचाकींच्या एका दुकानात मी एकाच दिवशी आणि एकाच टेबलावर दोन व्यवहार केले. माझी २०१३ च्या पासिंगची हिरो पॅशन प्रो दुकानाला दिली आणि त्यांच्याकडून २०२१ ची होंडा युनिकॉर्न घेतली. घेतलेल्या गाडीबद्दल वर्ष उलटून गेल्यावरही माझी तक्रार नाही. विकलेल्या गाडीने मात्र पुढचे सात महिने माझा पिच्छा सोडला नाही. दुकानाचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण ज्या गोष्टीचा मला मनस्ताप झाला ती त्या रस्त्यावरील बहुतेक दुकानांची रीतच आहे, असे चौकशीअंती दिसले. मग एकट्याच्याच माथी खापर फोडणे योग्य वाटत नाही.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून असलेली पत्र्याची शेड आहे. आत चाळीसेक गाड्या, सगळ्यांची हँडले एकाच बाजूला वळवून, एकमेकींना खेटून उभ्या असतात. प्रत्येक गाडीच्या हँडलला एक पुठ्ठा लटकवलेला असतो आणि त्यावर पासिंगचे वर्ष, कितवा मालक, विम्याची मुदत आणि किंमत लिहिलेली असते. ही साधी गोष्ट मला फार आवडली, कारण त्याच रस्त्यावरील इतर दुकानांत किंमत गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून सांगितली जाते. पुठ्ठ्यावरची किंमत अर्थातच अंतिम नसते. युनिकॉर्नवर ८२,००० लिहिले होते आणि अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर व्यवहार ७४,००० ला ठरला.

गाडी पाहताना मी थोडा हट्टीपणा केला, आणि तो कामी आला. पहिल्या दिवशी दुकानात पोचलो तेव्हा युनिकॉर्नचा सायलेन्सर कोमट लागला. म्हणजे मी फोन करून निघाल्यावर कोणीतरी गाडी चालू करून ठेवली होती. तापलेले इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू होते, त्यात गाडीची परीक्षा होत नाही. टायमिंग चेनची कुरकुर आणि व्हॉल्व्हचे सील गळत असतील तर निघणारा निळसर धूर थंड इंजिन सुरू करतानाच नीट कळतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडतानाच, न कळवता, आमच्या गॅरेजवाल्या मामांना घेऊन गेलो. शेठच्या कपाळावर आठी पडली, पण त्यांनी अडवले नाही. गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली, धूर नव्हता आणि इंजिनाचा आवाज एकसारखा होता.

मामांनी नंतर जे पाहिले ते मी आजवर कधी पाहिले नव्हते. त्यांनी मीटरकडे ढुंकूनही न बघता आधी फूटरेस्टचे रबर, ब्रेकच्या पायट्याची कड आणि चावीच्या भोकाभोवतीचे ओरखडे पाहिले, कारण मीटर मागे फिरवणे सोपे असते, पण झिजलेले रबर सहसा कोणी बदलत नाही. पुढच्या टायरवरचे चार आकडे त्यांनी मला वाचायला लावले. त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. पुढचा टायर २०२१ चा, म्हणजे गाडीबरोबर आलेला होता आणि मागचा २०२३ चा. मीटरवर २३,४०० किलोमीटर होते आणि झीज त्याच्याशी जुळत होती. मी अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन विचारले, तेव्हा शेवटच्या सर्व्हिसिंगची नोंद २१,९०० किलोमीटरची निघाली. एवढे झाल्यावर माझी खात्री पटली. मामांना दोष सापडला तो हँडलमध्ये. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवले की मधोमध किंचित अडकल्यासारखे होई, म्हणजे कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंगे) गेला होता.

ट्रायलसाठी दुकानाने माझा परवाना ठेवून घेतला आणि एक मुलगा मागे बसवला. टाकीत पेट्रोल खुळखुळण्यापुरतेच होते, त्यामुळे फेरी दोन-अडीच किलोमीटरांची झाली. हे सगळीकडेच असते. कोनसेटचा मुद्दा काढल्यावर शेठ म्हणाले, ‘सर, गाडी घेऊन जा, आठ दिवसांत आणा, नवा बसवून देतो.’ आणि त्यांनी तो खरोखरच बसवून दिला, एक रुपयाही न घेता. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे त्यांनी इंजिनाची तीन महिन्यांची हमी हाताने लिहून दिली होती. ती वापरण्याची वेळ आली नाही, पण कोनसेटच्या अनुभवावरून ती त्यांनी पाळली असती असे वाटते.

गाडी नावावर होण्याचे काम तर मला अपेक्षेपेक्षा लवकर झालेले दिसले. आधीच्या मालकाचे कर्ज फिटले होते, बँकेचे पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ फाइलमध्ये होते, आणि आरसीवरचा बोजा उतरवणे व मालक बदलणे ही दोन्ही कामे दुकानाच्या एजंटाने एकत्रच केली. सव्विसाव्या दिवशी माझ्या नावाचे आरसी कार्ड पोस्टाने घरी आले. विमा मी स्वतः नावावर करून घेतला. सप्टेंबर २०१८ पासूनच्या नव्या दुचाकींना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणारा) सक्तीचा असल्याने या गाडीचा तो विमा २०२६ पर्यंत चालू होता. तो कायद्याने गाडीबरोबर येतो, तरीही चौदा दिवसांत कंपनीला कळवून आपले नाव लावून घेणे बरे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र आपल्याला मिळत नाही, कारण तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

दुकानाच्या कर्जाविषयीही सांगायला हवे, कारण तिथे मी थोडक्यात वाचलो. टेबलाच्या कडेला बसलेल्या फायनान्सवाल्या मुलाने ‘बारा टक्के फ्लॅट’ असा दर सांगितला आणि तो ऐकायला वाजवी वाटला. परंतु फ्लॅट म्हणजे फिटत गेलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज. पन्नास हजार दोन वर्षांसाठी घेतले तर बारा हजार व्याज धरून महिना २,५८३ रुपयांचा हप्ता येतो, आणि बँक ज्या रीतीने घटत्या शिलकीवर व्याज लावते त्या रीतीने मोजले तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. मी पतपेढीतून पैसे उचलले.

आता पॅशनकडे येतो. घरी येऊन गाडी नेणाऱ्या एका ऑनलाइन सेवेने तिचे १७,५०० सांगितले होते. शेठनी २१,००० दिले आणि ते युनिकॉर्नच्या किमतीतून वळते केले. साडेतीन हजार जास्त मिळाले याच आनंदात मी होतो. मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० माझ्यापुढे आले. या सगळ्याला तिथे सरसकट ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. त्यांत माझ्या सहीची जागा तेवढी पेन्सिलने खूण केलेली होती. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख, सगळे कोरे होते. मी विचारले तेव्हा शेठ हसून म्हणाले, ‘सर, गिऱ्हाईक आले की भरतो. आत्ताच आमचे नाव घातले तर दोनदा ट्रान्सफर करावी लागेल, त्याचा खर्च कोण सोसणार?’ त्यांचे म्हणणे व्यवहाराच्या दृष्टीने खोटे नव्हते आणि मी सह्या केल्या. एवढी मात्र अक्कल सुचली की विक्रीच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घेतली आणि गाडीजवळ उभ्या असलेल्या शेठचा, नंबर दिसेल असा फोटो काढला.

खरे म्हणजे असे कोरे फॉर्म ठेवण्याची गरजच आता उरलेली नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन कार्यालयाकडून अधिकृतता घ्यायची असते. अशा विक्रेत्याला गाडी दिली की मालक आणि विक्रेता मिळून फॉर्म २९ सी द्वारे ते ऑनलाइन कळवतात, आणि त्या क्षणापासून विक्रेताच गाडीचा मालक मानला जातो. पुढे गाडी कोणी कुठे फिरवली याची जबाबदारी विकणाऱ्यावर राहत नाही, आणि विक्रेत्यालाही ती ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशा मोजक्या कामांसाठीच बाहेर काढता येते. या अधिकृततेबद्दल मी शेठना विचारले तेव्हा त्यांनी मोठ्या अभिमानाने भिंतीवर, हार घातलेल्या गणपतीच्या तसबिरीशेजारी, चौकटीत लावलेल्या कागदाकडे बोट केले. जवळ जाऊन वाचले तर ते शॉप ॲक्टचे लायसन्स होते. मी तिथेच थांबायला हवे होते, पण नव्या गाडीची चावी हातात होती.

मार्च २०२५ मध्ये माझ्या मोबाइलवर ई-चलनाचा संदेश आला, बार्शीहून आणि विनाहेल्मेट. फोटो उघडला तर माझीच पॅशन होती. मागच्या मडगार्डवर माझ्या मुलीने शाळेत असताना चिकटवलेले पिवळे फुलपाखरू जसेच्या तसे होते, आणि गाडीवर गांधी टोपी घातलेले कोणी अनोळखी गृहस्थ आरामात चालले होते. आठवड्याने दुसरे चलन आले आणि त्यात गाडीवर तिघे होते. वाहन पोर्टलवर पाहिले तेव्हा मालक म्हणून अजून माझेच नाव होते, आणि जानेवारीत संपलेला विमा कोणी पुन्हा काढलेला नव्हता. हस्तांतरणाच्या अर्जासाठी मूळ मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. चार महिन्यांत मला एकदाही तो आला नव्हता, म्हणजे अर्ज झालेलाच नव्हता, हे मला तेव्हा उमगले.

दंडाची रक्कम मोठी नव्हती. घाबरलो ते विम्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असली तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईचे दायित्वही त्याचेच. त्या खटल्यातही गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे आणि चौथ्याकडे गेली होती, आणि भरपाई पहिल्याच्या गळ्यात पडली. बार्शीच्या त्या गृहस्थांनी, किंवा त्या तिघांनी, कोणाला धडक दिली असती तर विमा कंपनी मध्ये नसताना ती सगळी रक्कम माझ्या दारात आली असती.

दुकानात गेलो. शेठनी चहा मागवला, गाडी तिकडच्या एका एजंटाला दिल्याचे सांगितले आणि ‘पंधरा दिवसांत काम होईल, सर’ असा शब्द दिला. असे पंधरा दिवस चारदा झाले. दरम्यान एक नवीच अडचण निघाली. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा पाटी, बसवणे राज्यात सक्तीचे झाले होते, पॅशनला ती नव्हती, आणि तिच्याशिवाय हस्तांतरणाचा अर्ज पुढे सरकत नव्हता. पाटीचे पैसे कोणी द्यायचे यावर एजंट आणि नवा मालक यांचे जमेना, आणि त्या साडेपाचशेच्या आतल्या रकमेपायी माझे नाव लोंबकळत राहिले.

मग मी चहा पिणे बंद केले. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्या मालकाने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५० सांगते. माझे चौदा दिवस केव्हाच उलटून गेले होते, तरीही संगम पुलाजवळच्या कार्यालयात विक्रीची पावती, फोटो आणि दोन्ही चलने जोडून लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि तिची प्रत रजिस्टर पोस्टाने दुकानाला पाठवली. त्या पाकिटाचा परिणाम चार चहांपेक्षा जास्त झाला. शेठनी दोन्ही चलने स्वतः भरली, पाटीचे पैसेही त्यांनीच दिले, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, ‘सर, ओटीपी आला असेल, जरा सांगता का?’ आयुष्यात एवढ्या आनंदाने मी कोणाला ओटीपी सांगितलेला नाही, आणि सांगण्याआधी संदेशात हस्तांतरणाचाच उल्लेख असल्याची खात्री करून घेतली.

शेठ लबाड आहेत असे मी म्हणणार नाही. मी गाडी घेताना त्यांनी काही लपवले नाही, शब्द दिला तो पाळला, आणि अंगाशी आल्यावर खिशातून पैसेही काढले. अडचण अशी की गिऱ्हाईक गाडी घेऊन बाहेर पडते तेव्हा त्याचे आरसी कार्ड आले नाही तर ते परत येऊन भांडेल, याची दुकानाला जाणीव असते. गाडी देऊन पैसे घेऊन गेलेला माणूस मात्र त्यांच्या हिशेबातून त्याच दिवशी पुसला जातो. त्याची फाइल टेबलाच्या खालच्या खणात जाते, आणि पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत तिथेच राहते. माझी फाइल त्या खणातून बाहेर निघताना मी पाहिली. तिच्यावर अजून वीस-पंचवीस फाइली होत्या.

युनिकॉर्नचे आता ३५,००० किलोमीटर झाले आहेत. चेन-स्प्रॉकेट मध्यंतरी बदलले, बाकी तेल आणि हवा. माझा भाचा येत्या रविवारी त्याच दुकानात शाईन पाहायला जाणार आहे. सकाळी शटर उघडतानाच जा, मामांना घेऊन जा आणि पुठ्ठ्यावरच्या किमतीतून निदान सहा हजार कमी करून घे, असे त्याला सांगितले आहे. त्याची जुनी ॲक्टिव्हा मात्र घरीच ठेवायला लावली आहे. तिच्यासाठी त्याच्या सोसायटीतलेच गिऱ्हाईक आहे, आणि सोमवारी दोघे मिळून ऑनलाइन अर्ज भरतील, पैसे त्यानंतर.