दहा महिने, एक सेकंडहँड बेस आणि 20 वॉटचा ॲम्प

पहिल्या महिन्यात हे लिहायला बसलो असतो, तर बेसला, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या बेस गिटारला, पाचपैकी दोन, ॲम्पला एक आणि केबलला पैकीच्या पैकी मार्क देऊन मोकळा झालो असतो. आज यादी जवळपास उलटी झाली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी सामान सांगतो. चार तारांचा, 34 इंच स्केलचा (तारेची वाजणारी लांबी) सेकंडहँड बेस. पी-जे मांडणी, म्हणजे मधे प्रिसिजन पद्धतीचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) आणि ब्रिजजवळ, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या पट्टीजवळ, जॅझ पद्धतीचा सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप. पॅसिव्ह सर्किट, बॅटरीची भानगड नाही. आठ इंची स्पीकरचा 20 वॉटचा प्रॅक्टिस ॲम्प, एक केबल, एक क्लिप ट्यूनर. आणि एक ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारं) पेडल, ज्याचा विषय निघाला की मी पटकन दुसरं काहीतरी बोलायला लागतो.

पी-जे घेण्यामागे काही मोठा अभ्यास नव्हता. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला 1951 साली, त्याचा तो दुभागलेला पिकअप 1957 चा, आणि त्यांचाच जॅझ बेस 1960 चा. स्वस्तातले बहुतेक बेस आजही याच दोघांची नातवंडं असतात. दोन्हीकडचं थोडंथोडं मिळेल, एवढाच विचार होता. प्रत्यक्षात दहातल्या आठ वेळा मी मधला पिकअप पूर्ण आणि ब्रिजचा अगदी किंचित, असंच वाजवतो. पॅसिव्ह घेतल्याचा मात्र रोज आनंद होतो. ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल जॅकमध्ये खोचली की सर्किट चालू होतं. वाजवून झाल्यावर केबल तशीच राहिली तर 9 व्होल्टची बॅटरी गपचूप संपते, आणि संपत आली की आवाज आधी फाटायला लागतो. माझ्यासारख्या विसरभोळ्याला ते झेपलं नसतं.

सेकंडहँड घेताना मी एकच गोष्ट नीट पाहिली: डोकं खाली घालून, एक डोळा मिटून, बेसच्या मानेवरून (तारांखालच्या लांब दांड्यावरून) ब्रिजच्या दिशेने नजर टाकली. मान पुढेमागे वाकलेली असेल तर ट्रस रॉडने, म्हणजे मानेच्या आतल्या धातूच्या सळईने, सरळ करता येते. पिळलेली असेल, म्हणजे एका कडेला एक बाक आणि दुसऱ्या कडेला दुसराच, तर तो बेस तिथेच ठेवून यावा. जे पाहायला विसरलो ते म्हणजे ट्रस रॉडचा नट फिरतोय का. जाम होऊन बसलेला निघाला असता तर मी काहीच करू शकलो नसतो. नशीब म्हणायचं.

घरी आणल्यावर पहिली तक्रार झणझणाटाची. ई तारेवर (सगळ्यात जाड, खालच्या सुराची) पहिल्या पाच फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काहीही दाबा, सुराबरोबर पत्रा वाजल्यासारखा आवाज. मी लगेच फ्रेट खराब आहेत असं ठरवून टाकलं. ते नव्हते. झणझण कुठे होते यावरून कारण बरंचसं कळतं. मोकळी तारच तेवढी झणझणत असेल तर नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिची, खाच खोल गेलेली असते. खालच्या, म्हणजे नटजवळच्या, फ्रेटवर असेल तर मान गरजेपेक्षा सरळ झालेली असते. वरच्या, म्हणजे बॉडीकडच्या, फ्रेटवर असेल तर तारा फार खाली बसवलेल्या असतात. आणि एकाच ठिकाणी असेल तर पुढचा एखादा फ्रेट उचललेला असतो.

तपासायची रीत अशी. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबायची आणि मान जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबायची. ताणलेली तार हीच पट्टी. मग सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण 0.3 मिलिमीटर फट दिसायला हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल एवढी. माझे दोन्ही हात अडकलेले, म्हणून धाकट्या बहिणीला कार्ड सरकवायला बसवलं. ती म्हणाली, "दादा, कार्ड सोड, इथून कागदसुद्धा जाणार नाही." तारा खरंच फ्रेटवर टेकलेल्या होत्या. ॲलन कीने ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल केला, सूर पुन्हा लावला आणि बेस रात्रभर तसाच ठेवला. लाकूड आपल्या वेळेने हलतं, घाई चालत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. कार्ड सरकलं, आणि झणझण जवळजवळ गेली. मग बाराव्या फ्रेटवर ई तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास आणून ठेवली. जी थोडी झणझण उरली ती बेस नुसता वाजवला तर ऐकू येते, ॲम्पमधून येत नाही. तिच्यामागे लागलो नाही.

इंटोनेशनला, म्हणजे बेस सगळ्या फ्रेटवर सुरात बसवायला, मला अर्धा तास लागला, सराव असलेल्याला दहा मिनिटं लागतील. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकणारा तुकडा) मागे, उतरलेला असेल तर पुढे. हे नव्या तारांवर करावं. जुन्या, मळलेल्या तारा कुठेच धड सुरात बसत नाहीत, आणि दोष सॅडलवर येतो.

आता हमिंग. सिंगल कॉइल पिकअप वीजपुरवठ्याची 50 किंवा 60 हर्ट्झची गुणगुण पकडणारच, त्याचा तो स्वभाव आहे. जॅझ बेसवर दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की ते एकमेकांची गुणगुण कापतात. पी-जेमध्ये तशी सोय नाही. मधला पिकअप स्वतःपुरता शांत असतो आणि ब्रिजचा बोंबलत राहतो. पण माझ्या बेसवर प्रकार वेगळा होता. तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायला हवी, कारण तारा ब्रिजमार्फत ग्राउंडला जोडलेल्या असतात. माझ्याकडे हात लावला काय नि काढला काय, फरक शून्य. म्हणजे ब्रिजची ग्राउंडची वायर कुठेतरी सुटलेली. तारा सैल केल्या, ब्रिजचे स्क्रू काढले आणि उचलून पाहिलं, तर बॉडीतल्या छोट्या भोकातून आलेली वायर होती, पण तिचं उघडं टोक काळं पडून आत मागे सरकलं होतं. टोक खरवडून चकचकीत केलं, पंख्यासारखं पसरलं, ब्रिजखालच्या जागेवरचा गंज पॉलिश पेपरने काढला आणि ब्रिज पुन्हा घट्ट बसवला. हात लावला की गुणगुण निम्म्याहून खाली. खर्च शून्य. त्याआधी मी नवे पिकअप शोधत तीन संध्याकाळ घालवल्या होत्या, हेही कबूल करतो. उरलेल्या गुणगुणीसाठी फोनचा चार्जर दूर नेला आणि दिव्याचा डिमर बंद केला. बसायची दिशा थोडी फिरवली तरी फरक पडतो.

तिसऱ्या महिन्यात आवाज मधेच तुटायला लागला. मी पॉटवर (नॉबखालच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावर) संशय घेतला, इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, नॉब वीस वेळा इकडून तिकडे फिरवले. नॉबची खरखर गेली, तुटणं तसंच. मग बॉडीवरच्या जॅकचा (केबल खोचायच्या भोकाचा) नट सैल सापडला. हा नट सैल झाला की अख्खा जॅक गोल फिरतो आणि आतल्या वायरी पिळून तुटतात. तो आवळला, बरंच केलं. तरीही आवाज तुटतच होता. शेवटी बहिणीच्या कीबोर्डची केबल लावली आणि दुखणं संपलं. माझी पैकीच्या पैकीवाली केबल प्लगपाशी आतून तुटली होती. प्लग उघडून दोन सेंटिमीटर वायर कापली, पुन्हा सोल्डर केली, आणि ती आजतागायत चालते आहे. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी केबल, मग जॅक, मग नॉब, आणि सगळ्यात शेवटी पिकअप. एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन एकदम बदलल्या आणि दुरुस्त झालं, तर काय बिघडलं होतं ते कळतच नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र ए तारेने. मोकळी ए छेडली की ॲम्प असा काही घुमायचा की स्पीकरचा कागद फाटला की काय असं वाटायचं. बाकीचे सूर ठीक, हाच एक राक्षस. टोन नॉब फिरवून पाहिले, तार बदलली, ॲम्प बदलून मिळेल का याची चौकशीही केली. मग एकदा बहीण दारातून आत आली आणि म्हणाली, "इथे तर एवढा मोठा नाही वाटत." मी बेस घेऊन खोलीभर फिरलो. भिंतीपाशी ए गर्जतो, मधोमध उभं राहिलं की जवळजवळ गायब. मोजपट्टी आणली. खोलीची लांबी 3.1 मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर धरा आणि खोलीच्या दुप्पट लांबीने भागा, म्हणजे खोली स्वतः ज्या सुराला घुमते तो मिळतो: 55 हर्ट्झ आणि वर थोडं. मोकळी ए बरोबर 55 हर्ट्झची. ॲम्प निर्दोष होता. माझी खोलीच ए मध्ये लावलेली होती! ॲम्प कोपऱ्यातून काढला, जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला, तोंड जरा वर केलं आणि माझी खुर्ची भिंतीपासून पुढे घेतली. राक्षस पूर्ण गेला नाही, पण माणसात आला. त्याच फेरीत दुसरा एक किरकिरा आवाज कपाटाच्या सैल काचेचा निघाला. तोही मी दोन महिने फ्रेटवर ढकलत होतो.

आता ॲम्पचा खरा हिशेब. ई तार 41 हर्ट्झची. आठ इंची स्पीकर तो मूळ सूर नीट काढूच शकत नाही. आपल्याला ऐकू येतात ते 82, 123 असे वरचे स्वर, आणि त्यावरून खालचा सूर डोकं स्वतः भरून काढतं. म्हणून ॲम्पवरचा बेसचा, म्हणजे खालच्या सुरांचा, नॉब शेवटपर्यंत फिरवण्यात अर्थ नाही. ॲम्पची सगळी ताकद न निघणाऱ्या आवाजावर जाते आणि स्पीकर फडफडतो. मी तो नॉब थोडा कमी आणि मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, वाढवून ठेवतो. एकट्याने ऐकताना आवाज जरा नाकातला वाटतो, पण दुसरं वाद्य सुरू झालं की हाच आवाज स्पष्ट ऐकू येतो.

ड्रमबरोबर 20 वॉट म्हणजे गर्दीत कुजबुज. एकदा प्रयत्न केला, ड्रमवाल्या मित्राने प्रामाणिकपणे विचारलं, "तू सुरू केलंस का?" त्यावर 40 वॉटचा ॲम्प घेण्याचा मोह झाला होता. बरं झालं आवरला. ताकद दुप्पट केली की वाढ फक्त 3 डेसिबल. कानाला साधारण दुप्पट वाटायचं तर 10 डेसिबल हवेत, म्हणजे दहापट, 200 वॉट. मधल्या पायरीवर पैसे घालण्यापेक्षा घरचा छोटा ॲम्प घरीच ठेवला आणि सरावाच्या जागी डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी डबी) थेट मिक्सरला जोडायला लागलो. डीआय बॉक्स लहान, स्वस्त आणि पुढेही उपयोगी.

रात्री हेडफोन. ऑडिओ इंटरफेस (वाद्य कॉम्प्युटरला जोडायची पेटी) घेणार असाल तर त्यावर गिटारसाठीचा हाय-झी इनपुट आहे का ते पाहा. साध्या लाइन इनपुटला पॅसिव्ह बेस लावला की आवाज दबका आणि मेलेला येतो, आणि आपण पुन्हा पिकअपला शिव्या घालतो. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा जेवढा तुकडा एकदम घेतो तो, 128 सॅम्पल आणि 48 किलोहर्ट्झवर ठेवला तर एका बाजूचा उशीर 2.7 मिलिसेकंद होतो. जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून थोडा जास्त, तरी बोटांना जाणवत नाही. एकूण वापर पाहिला तर ॲम्पपेक्षा हेच जास्त वापरलं.

पेडलबद्दल थोडक्यात: गिटारचा ओव्हरड्राइव्ह बेसवर लावला की तळ निघून जातो. मूळ आवाज मिसळायचा नॉब त्यावर नव्हता. ड्रॉवरमध्ये आहे.

तारा 45 ते 105 गेजच्या (जाडीच्या), राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या. नव्या असताना पियानोसारख्या खणखणतात, दोन-तीन महिन्यांत मवाळ होतात. मला तो मवाळ आवाजच आवडायला लागला, त्यामुळे खर्च वाचला. अमेरिकन बेसवादक जेम्स जेमरसनने मोटाउन या रेकॉर्ड कंपनीसाठीची ती सगळी कामगिरी जुन्या फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत वेष्टनाच्या) तारांवर केली, हे आठवून मनाला बरंही वाटतं. तारा उकळून ताज्या करायचा उपाय करून पाहिला. मळ निघतो, चमक येते, आठवड्याभरात जाते. बदलताना एक काळजी घ्या: जाड तार आधी काटकोनात वाकवायची आणि वाकाच्या पुढे कापायची. सरळ कापली तर वरचं वेष्टन आतल्या तारेवरून सैल पडू शकतं. माझी एक ई अशीच वाया गेली.

एक दोष मात्र कशानेच गेला नाही. जी तारेच्या सहाव्या फ्रेटवरचा सी शार्प छेडला की टप्पकन मरतो. हा डेड स्पॉट. मान त्या सुराबरोबर थरथरते आणि तारेची ऊर्जा पिऊन टाकते. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान हे पुष्कळ बेसवर सापडतं, महागड्यांवरसुद्धा. हेडस्टॉकला, म्हणजे मानेच्या टोकाला, छोटा क्लॅम्प लावून पाहिला. वजन वाढल्यावर जागा सरकते, तशी सरकली, पण पाचव्यावर. क्लॅम्प काढून टाकला. सी मला जास्त लागतो, सी शार्प क्वचित. लागलाच तर डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर जातो. तिथे तोच सूर जरा जाडसर पण लांब टिकतो. बेस कधी विकलाच तर घेणाऱ्याला हा फ्रेट आधी वाजवून दाखवीन. मला कुणी दाखवला नव्हता.