विलिस जीप की क्युबलवागन: १:३५ मापाच्या मॉडेलमध्ये (खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) आधी कोणती?

अमेरिकी लष्कराच्या कागदोपत्री विलिस एमबी जीप म्हणजे पाव टनी ट्रक. ६० अश्वशक्ती, चारही चाकांना जोर. क्युबलवागन ही दुसऱ्या महायुद्धातली जर्मन लष्कराची हलकी मोटार; तिचं इंजिन मागे, हवेने थंड होणारं, आणि जोर फक्त मागच्या दोन चाकांना. पण वजन जेमतेम सव्वासातशे किलो, म्हणून चिखलातही बऱ्यापैकी निभावून न्यायची.

मॉडेल करायला बसलं की गणित उलटतं. जीप जेमतेम साडेनऊ सेंटिमीटरची, पण खाली चासी (गाडीचा सांगाडा), पाटे (स्प्रिंग), दोन डिफरन्शियल (चाकांना जोर वाटून देणारे गिअर), शाफ्ट, सगळं उघडं. पहिल्या वेळी माझे पाटे किंचित तिरके चिकटले आणि टेबलावर तीनच चाकं टेकली! क्युबलवागनचा तळ सपाट, काम झटपट. तिची डोकेदुखी वेगळी: पत्र्यावरच्या उठावदार पट्ट्या. सांध्यावर पॉलिशपेपर फिरवताना एखादी घासली गेली की संपलं.

रंगात मात्र तीच सरस. १९४३च्या सुरुवातीपर्यंत गडद राखाडी, मग मातकट पिवळा. जीपला बहुतेकदा ऑलिव्ह हिरवाच.

नवशिक्याने क्युबलवागन घ्यावी. मी पुन्हा जीपच घेईन. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत जोडलेल्या विलिस जीपमुळे तो चेहरा घरचाच वाटतो.