रोजच्या वापराला जुनी गाडी: जिप्सी की एमएम ५४०?

इंदूरच्या मराठी घरांत कुणी जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी घेऊन ती नव्यासारखी करायची म्हटली, की गाडी दोन नावांवर येऊन अडते: मारुतीची जिप्सी आणि महिंद्राची एमएम ५४०. चोरल, पाताळपाणी, जानापाव ही रविवारची ठिकाणं दोघींनाही जमतात, तेव्हा तिथली कर्तबगारी ऐकून निर्णय घेऊ नका. सोमवारी सकाळी राजेंद्रनगरहून विजयनगरला ऑफिस गाठायचंय, संध्याकाळी भाजी घेऊन परतायचंय, आणि सोबत आई बसणार आहे. या कामाला इंजिनपेक्षा ब्रेक, स्टीअरिंग आणि पत्रा जास्त महत्त्वाचा, आणि तिथेच या दोन गाड्यांचे रस्ते वेगळे होतात.

इंजिनचं आधी उरकतो. जिप्सी १९८५ मध्ये आली तेव्हा ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ च्या जिप्सी किंगला १.३ लिटरचं, साठ अश्वशक्तीचं इंजिन मिळालं, २००० साली एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारं होऊन ते ऐंशीवर गेलं. रोजच्यासाठी ही शेवटचीच बघा. कार्ब्युरेटरवाली स्वस्त मिळते, पण आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरमधले रबराचे भाग इथेनॉलने फुगतात, तडकतात, त्यामुळे ते सगळे बदलायचं धरूनच भाव करा. एमएम ५४० मधलं प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल बासष्ट अश्वशक्तीचं. ते हळू आहे, आवाज करतं, थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय दाद देत नाही. पण खालच्या गिअरवर ओढायची त्याची पद्धत बघून अजूनही जीव लागतो. इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं कॅलिब्रेशन आणि नॉझल नीट असतील तर धूरही माफक.

आता ब्रेक. जिप्सी किंगला पुढे डिस्क आहेत आणि पेडलचा जोर वाढवणारा बूस्टरही आहे, म्हणजे कॅलिपर, पॅड, होज आणि मास्टर सिलिंडर नवे केले की काम संपतं. बहुतेक एमएम ५४० ना चारही चाकांना ड्रम. चोरलच्या एखाद्या नाल्यातून पाणी उडवत बाहेर पडलात की ड्रम सुकेपर्यंत पेडल दाबूनही गाडी आपल्याच मर्जीने थांबते. मग डिस्क बसवू म्हणता, पॉवर ब्रेकही हवेत. पण डिझेल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये बूस्टर चालेल एवढा व्हॅक्यूम नसतोच. त्यासाठी वेगळा पंप लागतो, बहुधा मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर. म्हणजे ब्रेकच्या नादाने अल्टरनेटर बदला, त्याचा ब्रॅकेट बनवा, बेल्टची लाइन जुळवा. मेकॅनिक ‘हो जाएगा भिया’ म्हणतो आणि खरंच करतो, पण त्याच्या बोलण्यातलं ‘दो दिन’ मनावर घेऊ नका.

स्टीअरिंगचं उलट आहे. महिंद्राला बोलेरोचं पॉवर स्टीअरिंग बसवणारे हात भरपूर आहेत, सामानही सहज मिळतं. जिप्सीला मारुतीच्याच छोट्या गाड्यांमधलं इलेक्ट्रिक स्टीअरिंग लावतात. जमतं, पण वायरिंग करणारा तरबेज हवा. जिप्सी जेमतेम टनभराची असल्यामुळे मूळ स्टीअरिंगवरही शहरात भागतं. पार्किंग करताना मात्र हात भरून येतात.

जिप्सी बघायला जाल तेव्हा पुढचं चाक जॅकवर उचला, टायर वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. टक्‌ असा खेळ लागला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीच्या बेअरिंगा गेल्यात. पन्नास-साठच्या वेगात खड्डा लागला की स्टीअरिंग थरथर नाचतं ते बऱ्याचदा याचमुळे, आणि विकणारा त्याला ‘बॅलन्सिंग करून घ्या’ असं सांगून मोकळा होतो. दोन्ही गाड्या पुढे-मागे पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर चालतात. जिप्सीच्या पाठ मोडण्याच्या कीर्तीत तथ्य आहे, पण निम्मा दोष गंजून एकमेकांना चिकटलेल्या पाट्यांचा आणि दगडासारख्या बुशांचा असतो. पाटे उघडून, साफ करून, बुश आणि शॉक अब्जॉर्बर नवे टाकल्यावर फरक पहिल्याच स्पीडब्रेकरला कळतो. टायरचा मोह इथे आवरा. जिप्सीचा मूळ साइज २०५/७० आर १५. त्याहून फार मोठा घातलात तर १.३ चं इंजिन सुस्तावतं, ब्रेक कमी पडतात आणि स्टीअरिंगचं ओझं वाढतं.

पत्र्यात महिंद्रा सरळ जिंकते. सपाट पत्रा, नट-बोल्टची बॉडी, अख्खा टब, म्हणजे बॉडीचा खालचा सांगाडा, बाहेर बनवून मिळतो. जिप्सीचा पत्रा साच्यातला. मॅट उचला आणि ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन, मागच्या दाराची चौकट, बॉडी चेसिसवर बसते ते माउंट स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. पातं आत गेलं तर वरून चकाकणाऱ्या पेंटचे पैसे देऊ नका. पुटी भरून चकचकीत केलेली गाडी एक पावसाळा काढते. माळव्याची काळी माती चेसिसच्या कोपऱ्यात ओली बसून राहते, तेव्हा धुताना वरचं सोडा, खालून प्रेशर मारून घ्या.

कागदांवर मात्र दोघींना एकच न्याय. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीला नूतनीकरणाची फी दहा हजार रुपये झाली आहे. नायता मुंडल्याच्या आरटीओत जाण्याआधी चेसिस नंबर स्वतः कपड्याने पुसून वाचा आणि आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या बाजूने नव्याने बांधलेल्या देखण्या जीपा येतात. त्यातली एखादी घ्यायची तर गाडी एका नंबरची आणि कागद दुसऱ्याचे असं नाही ना, हे आधी बघा. निर्मात्याने दिलेल्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे दुसरं इंजिन टाकायचा विचार असेल तर परवानगी आधी, गॅरेज नंतर. पन्नास वर्षांपेक्षा जुनी जीप मिळाली आणि व्हिंटेज नोंदणीचा मोह झाला, तर त्या नोंदणीवर रोज गाडी चालवता येत नाही.

माझं मत विचाराल तर शहरातच फिरणाऱ्याने एमपीएफआय जिप्सी घ्यावी, कमी घासलेली, गंज नसलेली, भले थोडी महाग पडो. सिमरोलकडे शेत आहे, आठवड्याला खताची पोती आणि पाण्याचा पंप न्यायचा आहे, तर एमएम ५४०. पण ब्रेक आणि स्टीअरिंगचे पैसे गाडीच्या किमतीतच धरा, नंतर बघू म्हणू नका. आणि घरात एकच गाडी असेल, मुलांना शाळेत सोडायचं असेल, तर दोन्ही नकोत. एअरबॅग दोघींतही नाही. मारुतीची नवी फोर-बाय-फोर जिम्नी २०२३ च्या जूनमध्ये १२.७४ लाखांपासून आली. जुनी गाडी विकत घेऊन मनापासून दुरुस्त करायचा हिशेब कागदावर मांडलात, तर तिची किंमत वाटते तितकी लांब राहत नाही.

कामाचा क्रम ब्रेक, स्टीअरिंग, कूलिंग, वायरिंग, सीट असा ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढू नये म्हणून रेडिएटर रॉडिंग, म्हणजे नळ्या आतून साफ करून घ्या, होज आणि थर्मोस्टॅट नवे टाका. विंच, लाइटबार नंतर, आणि पुढचा लोखंडी बंपर गार्ड तर नकोच, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली. रंग सगळ्यात शेवटी. महूची लष्करी छावणी जवळ असल्यामुळे इथे प्रत्येकाला फौजी हिरवा हवा असतो, पण मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. दुसरा कुठलाही निवडा, आणि तो आरसीवर चढवून घ्या.