पळायचे की फेकायचे: कॉलेज फुटबॉलच्या आक्रमणावरील एका ऑनलाइन वर्गाविषयी

अमेरिकेत येऊन सहा वर्षे झाली, तरी शनिवारी दुपारी शेजारीपाजारी ज्या खेळासाठी घसा बसेपर्यंत ओरडतात तो मला अर्धामुर्धाच कळत असे. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी कॉलेज फुटबॉलमधील (हा चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकी फुटबॉल) आक्रमणाची आखणी शिकवणारा आठ धड्यांचा एक ऑनलाइन वर्ग मी चाळीस डॉलर भरून घेतला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असतात, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला तो झेपेल. अगदी नवख्यासाठी असलेला पहिला धडा मात्र घाईघाईने उरकला आहे.

वर्गाचे खरे बळ तिसऱ्या धड्यात आहे. चेंडू खेळात येतो त्याच क्षणी शिक्षक चित्रफीत थांबवतात आणि आपली नजर चेंडूवरून काढून बचावातील मधल्या लाइनबॅकरच्या, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागे उभ्या असलेल्या खेळाडूच्या, पायांकडे वळवतात. क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूने, चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या, पोटाशी नेला आहे, लाइनबॅकरने धाव (चेंडू हातात घेऊन पळणे) रोखण्यासाठी एक पाऊल पुढे टाकले आहे आणि त्याच्या पाठीमागे मैदान मोकळे पडले आहे. चेंडू परत ओढून नेमका तेथेच फेकला जातो. आधीच्या धावांचा धाक नसता तर ते पाऊल पडलेच नसते. वेगवान गोलंदाजाचा हळू चेंडू ज्याने पाहिला आहे, त्याला याहून अधिक स्पष्टीकरण लागू नये. धाव किंवा पास हा निर्णय क्वार्टरबॅक ऐनवेळी घेतो त्या ‘आरपीओ’ची (रन-पास ऑप्शन) उकलही सुरेख आहे. कॉलेजच्या नियमांत पास सुटण्यापूर्वी आक्रमणाच्या पुढच्या फळीतील खेळाडूंना तीन यार्डांपर्यंत पुढे सरकता येते, व्यावसायिक एनएफएलमध्ये एकच; म्हणजे कॉलेजमध्ये ही फळी धावेसाठी पुढे सरकू लागली तरी पास फेकायला वाव राहतो. त्यामुळे हा डाव कॉलेजमध्ये इतका का फोफावला, हे मला प्रथमच कळले.

पाचव्या धड्यात दोन टोके समोरासमोर ठेवली आहेत. एकीकडे प्रशिक्षक माइक लीच यांचे पासवर उभे असलेले ‘एअर रेड’ आक्रमण. धाव आणि पास निम्मेनिम्मे असणे म्हणजे समतोल, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते, कारण त्यांच्या मते चेंडू सर्व जागांवरील खेळाडूंपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे होते. दुसरीकडे ११ नोव्हेंबर २०२३ रोजी पेन स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर खेळलेला मिशिगन विद्यापीठाचा संघ: उत्तरार्धात त्यांच्या नावावर एकाही पासची नोंद नाही, शेवटचे सलग ३२ डाव (म्हणजे प्रयत्न) धावेचे आणि विजय २४-१५ असा. त्याच हंगामात मिशिगनने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. समोरचा बचाव धाव रोखू शकत नसेल, तर केवळ समतोलाच्या हौसेपोटी पास कशाला फेकायचा, हा शिक्षकांचा प्रश्न मला पटला.

इतके शिकवून झाल्यावर आठव्या धड्यात त्यांनी स्वतःच धाव आणि पास यांची टक्केवारी काढणारा तयार तक्ता हाती द्यावा, याचे नवल वाटते. कॉलेजच्या अधिकृत आकडेवारीत ‘सॅक’, म्हणजे पास फेकण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला पाडणे, ही धाव म्हणून मोजली जाते. समजा, प्रशिक्षकाने ३० पास आणि ३० धावा सांगितल्या. त्या पासांपैकी चार सॅकमध्ये संपले आणि तिनांत क्वार्टरबॅक जागा न सापडल्याने स्वतःच पळाला, तर कागदावर ३७ धावा आणि २३ पास दिसतील. म्हणजे ज्या संघाची पुढची फळी कोलमडते, तोच धावेचा भोक्ता ठरतो! तक्त्यात याचा विचार नाही. मी तसे कळवले, तेव्हा आभाराचे दोन ओळींचे उत्तर आले. तक्ता जसाच्या तसा आहे.

तिसऱ्या आणि पाचव्या धड्यांसाठी चाळीस डॉलर मला जड वाटले नाहीत. मात्र सामना पाहताना मी आता तो तक्ता उघडत नाही. वहीत प्रत्येक डावापुढे काय करायचे ठरले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, असे दोन रकाने आखून बसतो.