पोर्ट लुईच्या मंडईतला तिझानचा गाळा: पाला चोख, पुडीवर नाव नाही

मॉरिशसला गेलात तर पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटात औषधी पाल्याच्या गाळ्यांवर नक्की जा. काढ्याला तिकडे तिझान म्हणतात. कोकणातल्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे एकाच गाळ्यावर दोनदा गेले.

आयापान मागितलं. आपल्याकडे ते परसात असतं, कापलं-खुपलं की रस लावतात. तिकडे अजीर्णावर पितात. गाळ्यावरच्या म्हाताऱ्या बाबांनी जुडी सोडली, पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. अरुंद पान, तीन ठळक शिरा, गोडसर वास. बुरशीचा मागमूस नाही. किती पानं, किती पाणी, सगळं त्यांनी न कंटाळता सांगितलं.

तक्रार एकच, पण मोठी. पुठ्ठ्याच्या पाट्यांवर मधुमेह, कोलेस्टेरॉल अशी रोगांचीच नावं. आत कुठली वनस्पती आहे ते पुडीवर नाही. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या पुडीत तर दोन जातींची पानं निघाली. बाबांनी ती लगेच बदलून दिली, पण ज्याला पान ओळखता येत नाही त्यानं काय करायचं?

हे त्या देशात जास्तच खटकतं. तिथल्या औषधी वनस्पतींचा शास्त्रीय अभ्यास करण्यात अमीना गुरीब-फकीम यांनी उमेदीची वर्षं घातली. रसायनशास्त्रातली पीएचडी, मॉरिशस विद्यापीठात विज्ञान शाखेच्या डीन, २००४ ते २०१० प्र-कुलगुरू. २०१४च्या निवडणुकीत एका आघाडीनं राष्ट्रपतिपदासाठी त्यांचं नाव पुढे केलं आणि जून २०१५मध्ये त्या राष्ट्रपती झाल्या. विद्यापीठ रेद्वीला, राष्ट्रपतींचं निवासस्थानही रेद्वीलाच. पण अंतर केवढं! मार्च २०१८मध्ये एका संस्थेनं दिलेल्या क्रेडिट कार्डावरच्या खासगी खरेदीच्या वादात त्यांना राजीनामा द्यावा लागला. पैसे परत केले, गैर काही केलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला त्या बातमीनं फार वाईट वाटलं होतं. माझ्या लेखी त्यांचं खरं मोलाचं काम पाल्याचं, आणि ते या गाळ्यापर्यंत पोचायला हवं होतं.

सकाळी लवकर जा, जुडी सोडायला लावा, पान बघूनच घ्या. सोबत पेन ठेवा. माझ्या चारही पुड्यांवर बाबांना विचारून मीच नावं लिहिली.