एडिसन की वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो?

नोकरीनिमित्त न्यू जर्सीत येणाऱ्या एका मराठी कुटुंबाने या दोन स्कूल डिस्ट्रिक्टांपैकी (म्हणजे ठरावीक भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांपैकी) कोणते निवडावे, असे विचारले आहे. घरांच्या एजंटांकडून ऐकवले जाणारे शाळांचे क्रमांक येथे विचारात घेतलेले नाहीत.

खर्चाचे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे: सरकारी शाळेला फी नसते, पण तिचा मोठा भार मालमत्ता करातून, म्हणजे अखेर घराच्या किमतीतून वा भाड्यातून उचलावा लागतो, भाडेकरूच्या मुलांचा प्रवेशाचा हक्क मात्र घरमालकाच्या मुलांइतकाच असतो.

पत्त्याकडे अधिक बारकाईने पाहावे. एडिसनच्या उत्तर भागातील मुले जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला आणि दक्षिण भागातील एडिसन हायस्कूलला जातात, त्यामुळे भाडेकरार करण्यापूर्वी रस्त्याचे नाव डिस्ट्रिक्टकडे तपासणे आवश्यक आहे. दुसरे डिस्ट्रिक्ट दोन काउंटींत (जिल्ह्यासारख्या विभागांत) विभागलेले असल्याने, काउंटीच्या निवडीने प्रवेश देणाऱ्या खास विषयांच्या शाळांसाठी प्लेन्सबरोच्या मुलांना मिडलसेक्स काउंटीचा आणि वेस्ट विंडसरच्या मुलांना मर्सर काउंटीचा मार्ग धरावा लागतो.

स्पर्धा दोन्हीकडे तीव्र आहे. तरीही वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोने 2015 मध्ये हायस्कूलच्या सहामाही व अंतिम परीक्षा बंद करून गृहपाठाविना काही रात्री ठरवल्या. त्याला विरोध करणाऱ्यांत आशियाई पालक बरेच होते, हे आपणही ध्यानात घ्यावे.

रोज न्यूयॉर्कला रेल्वेने जाणाऱ्यांना आणि देशी दुकाने जवळ हवी असणाऱ्यांना एडिसन सोयीचे आहे. प्रिन्स्टन परिसरात नोकरी असणाऱ्यांनी आणि तुलनेने लहान डिस्ट्रिक्ट पसंत करणाऱ्यांनी दुसरा पर्याय घ्यावा.